स्टेकहाउसला नेलेली पऱ्हाटीची मोळी

मंगरूळपीरच्या बसस्थानकावर सकाळी सहाला माझा भाऊ गजानन उतरला, तेव्हा त्याच्या डोक्यावर वांग्यांची करंडी होती आणि काखेत पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांची) मोळी. आम्ही निघालो होतो कुठे, तर मुंबईच्या अलीकडे, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका थीम पार्कच्या हॉटेलात जेवायला. बसस्थानकावरच्या चहावाल्यानं ते सामान पाहिलं आणि विचारलं, "काय बाई, भरीत पार्टी हाय काय?" मी म्हटलं, "हाव. जरा लांब हाय."

वांगी ही वानवळा (शेतात पिकलेलं आपल्या माणसांना आधी पोचवायचं, ती भेट) म्हणून चालली होती. मोळीचं मात्र मी गजाननला खरं सांगितलं नव्हतं. "माही कंबर धरते, तिकडं शेकाले लागन," एवढंच बोलले होते.

"तिकडं काय काड्या भेटत नाईत काय व?" त्यानं विचारलं.

"आपल्या वावरातल्या नाई भेटत."

तीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवलं. पोरांचं खोटं मी डोळे मिटून पकडायची. स्वतः धडधडीत खोटं बोलायची पाळी मात्र साठी उलटल्यावर आली, आणि सांगते, मला ते छान जमलं.

गजानन माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. इंझोरीला त्याची तीन एकर बागाईत आहे: वांगी, मिरची, सांभार (कोथिंबीर), कडेला थोडी कपाशी आणि तूर. गावात रोडग्यांचा स्वयंपाक निघाला, की विस्तव गजाननच्याच ताब्यात. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगितलं. त्याची मुलगी पल्लवी चार वर्षांची असल्यापासून त्याच्या मागे मागे राखेत बसायची. निखारा कधी उलटायचा, वांगं कधी झालं, हे तिला शाळेच्या आधी कळायला लागलं होतं.

हीच पल्लवी पुढं हॉटेलचं शिकली आणि त्या थीम पार्कच्या स्टेकहाउसमध्ये भट्टीवर लागली. स्टेक म्हणजे जाड कापून विस्तवावर भाजलेला मांसाचा तुकडा. आणि गजानन माळकरी. आमची आई गेली त्या वर्षी त्यानं तुळशीची माळ घातली, तेव्हापासून मांस-मच्छी बंद. पोरीला तो "नोकरी सोड" असं कधी म्हणाला नाही. फक्त ती सुटीवर आली आणि चुलीपाशी गेली, की हा म्हणायचा, "थकून आली तू. बस. तुही माय करते." तीन वर्षं हेच. एकदा तो वहिनीला हळूच बोलला, "तिच्या हाताले वास राह्यते व." पल्लवी दाराआडच होती. तिनं ऐकलं. त्या दिवसापासून ती घरी आली, की लिंबाची फोड घेऊन हात चोळत बसते. मला हे तिनं स्वतः सांगितलं, रडत. माझं डोकं असं तापलं होतं, की त्याच दिवशी इंझोरीला जाऊन भावाचा कान धरावा.

दिवाळीनंतर पल्लवीला तिथं बढती मिळाली. भट्टीची मुख्य झाली ती. हॉटेलनं सांगितलं, आईवडलांना जेवायला बोलवा. तिनं तिकिटं पाठवली. गजानन म्हणाला, "येतो. पन जेवनार नाई." शोभावहिनीची म्हैस आज व्यायते का उद्या, अशी झालेली, तिला निघता येईना. तिनं तिचं तिकीट माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "ताई, माह्या जागी तुमी जा. काही पाहू नका, काही आनू नका. ह्यायनं पोट्टीच्या हातचा एक घास खाल्ला पाह्यजे, बस."

मी एवढंच काम घेऊन निघाले होते. बाकी सगळी मजा फुकटची.

अकोल्याहून गाडी मिळाली. मोळी बाकाखाली बसेना, मग ती आमच्या दोघांच्या मधे उभी राहिली. समोरच्या बाईंनी दोनदा विचारलं, "ही कसली झाडं?" तिसऱ्यांदा विचारायच्या आत मी त्यांना दशमी (दुधात भिजवलेल्या पिठाची भाकर) आणि ठेचा दिला. ठेचा खाल्ल्यावर त्या झाडं विसरून पाण्याची बाटली शोधू लागल्या. वहिनीनं गजाननसाठी दोन दिवसांच्या दशम्या बांधून दिल्या होत्या. बिचारी एकीकडे मला त्याला खाऊ घालायला सांगत होती आणि दुसरीकडे नवरा उपाशी राहील म्हणून शिदोरी बांधत होती.

नाशिक गेल्यावर मी विषय काढला.

"गजा, माह्या घरी रविवारी मटन शिजते. तरी तू माह्या हातचा चहा पेते ना?"

"तू ताई हायेस."

"आन ते लेक नाई काय?"

"तिचं रोजचं हाय, ताई."

"मंग मी रोज शिजवीन आजपासून. पाहू चहा सोडतं का!"

तो हसला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "मले काई तिचा राग नाई. माळ घातली तवा आईच्या नावानं घातली. ते मोडाची मले भीती वाटते." आई माझीही होतीच.

संध्याकाळी पोचलो. पल्लवी स्टेशनवर आली होती, केस बांधलेले, अंगात जाड स्वेटर. वाकून पाया पडली तेव्हा लिंबाचा वास आला. गजाननलाही आला असावा, कारण त्यानं आशीर्वाद द्यायला उचललेला हात तिच्या डोक्यावर जरा जास्तच वेळ ठेवला. खोलीवर तिनं आम्हाला पाणी दिलं. चहाचं विचारलंच नाही. स्वतःच्या बापाला चहा विचारायला पोरगी घाबरते, हे बघून मला भडभडून आलं. मी उठून चहा केला. तिघं प्यालो.

दुसऱ्या दिवशी पार्क. फाटकाशीच आमचं अडलं. सामान तपासायच्या यंत्रातून आमची करंडी आणि मोळी गेली आणि तिथल्या बाईंनी पडद्याकडे असं पाहिलं, जणू आत जिवंत जनावर आहे.

"बाहेरचं खाणं आत चालत नाही, काकू."

"हे खाणं कुठं आहे? वांगी आहेत. कच्ची वांगी कोणी खातं का?"

"आणि ही लाकडं?"

"ती तर त्याहून कोणी खात नाही."

पल्लवीनं आतून कुणाला तरी फोन लावला. शेवटी करंडी आणि मोळी एका गाडीवर चढून हॉटेलच्या मागच्या दारानं गेली. गजानन मोळीकडे पाहत राहिला. "तुही कंबर तिकडं कायले नेली?" मी म्हटलं, "खोलीवर ठेवतीन. चाल."

आत काय नव्हतं! किल्ला होता, पण आतून पोकळ. हत्ती होते, कान हलवणारे, रबराचे. एक बोट उंचावरून खाली पाण्यात आदळत होती आणि लोक पैसे देऊन तिच्यात बसून बोंबलत होते. गजाननला गोल फिरणाऱ्या कपबशीत बसवलं मी हट्टानं. त्याला काही झालं नाही, मलाच घेरी आली. उतरल्यावर मी कठड्याला धरून उभी आणि हा म्हणतो, "उतरली काय मस्ती?" त्यानंतर आम्ही शहाण्यासारखं एका बाकावर बसून लोक पाहिले. वऱ्हाडातली माणसं लोक पाहून कंटाळत नाहीत.

उन्हं कलताना पल्लवीच्या स्टेकहाउसला गेलो. हॉटेलच्या तळमजल्यावर, बाहेरून अमेरिकेतल्या गुरांच्या गोठ्यासारखं सजवलेलं. दारात कडब्यासारख्या गवताचे चौकोनी भारे रचलेले आणि भिंतीवर गाडीचं मोठं लाकडी चाक. गजानन तिथंच थांबला. भाऱ्यातली काडी ओढून त्यानं दातात धरली.

"चांगलं गवत हाय. जनावराले घाला ना, इथं कायले सडवून राह्यले?"

मग चाकाची धाव (वरची लोखंडी पट्टी) बोटानं चाचपली. "हे चाक कधी चाललंच नाई, ताई. पाह्य, कुठं घासलं नाई." बिचारं चाक. मी त्याला ओढून आत नेलं.

आमचं टेबल काचेला लागून होतं. काचेपलीकडे हॉटेलची मागची फरशीची मोकळी जागा. वाढायला आलेले गृहस्थ पन्नाशीचे, भरदार मिशांचे, मालवणकडचे होते. "पल्लवी मॅडमचे वडील ना? आमचं भाग्य," ते म्हणाले. गजाननला 'मॅडम' या शब्दाचं काय करावं कळेना. त्यानं हात जोडले.

"काका काय घेणार?"

"मले भूक नाई." पिशवीतल्या दशम्यांवर त्याचा हात होता.

मी मात्र माळकरी नाही. मी स्टेक मागवला. बोकडाचा, कोंबडीचा आणि माशाचा होता. मी बोकडाचा सांगितला.

"आत जरा गुलाबी ठेवू का?"

"नको हो. आमच्याकडे गुलाबी राहिलेलं मटण पुन्हा चुलीवर ठेवतात."

स्टेक आला. सुरीनं कापायला गेले तर तुकडा ताटभर पळाला. दुसऱ्यांदा काट्यानं दाबून धरला तर मटार उडून गजाननच्या टोपीवर. चव सांगू? छान होती. मिरी, मीठ आणि विस्तव, मसाला म्हणाल तर काही नाही. पण भट्टीवर कुणी तरी जागं राहून भाजलंय हे पहिल्या घासाला कळलं. मी हे मोठ्यानं बोलले, मुद्दाम. गजानन पाणी प्याला.

तेवढ्यात काचेपलीकडे पल्लवी आली. पांढरा कोट, डोक्याला फडकं. तिच्या हातात कोरी करकरीत शेगडी, कागदसुद्धा चिकटलेला होता. तिनं कागद सोलला, शेगडी फरशीवर ठेवली. मग काखेतून काढली आमची मोळी.

गजाननची मान माझ्याकडे वळली. "ताई."

"काय?"

"तुही कंबर."

"माही कंबर ठनठनीत हाय. मोळी तिनंच मांगतली होती. पाह्य तिकडं."

पल्लवीनं पऱ्हाट्या मोडून रचल्या, वारा कुठून येतो ते बोटानं पाहिलं आणि पेटवलं. जाळ वर आला तशी तिनं आमची वांगी देठाला धरून जाळात सोडली. हॉटेलात एवढे चिमटे असतील, पण तिनं चिमटा घेतला नाही. हातानंच.

गजानन खुर्चीवरून उठला. काचेला नाक लागेल इतका जवळ गेला. आणि ओठातल्या ओठात बोलू लागला. "राहू दे... राहू दे... देठाकडून होऊ दे..." पलीकडे तिला काही ऐकू येत नव्हतं. "आता पलटव." तिनं त्याच क्षणी पलटवलं. "जाळ कमी कर." तिनं दोन काड्या ओढून घेतल्या. "शिट्टी वाजली काय? ऐक, ऐक." वांगं शिजत आलं, की देठापाशी वाफ बारीक शिट्टी घालते, ती थांबली, की झालं. पल्लवी शेगडीवर कान लावून वाकली होती. लहानपणी वाकायची तशीच. मी भावाकडे पाहिलं, तर त्याचे डोळे भरलेले. "सगळं ध्यानात हाय व तिच्या," तो म्हणाला. "एक गोष्ट इसरली नाई पोट्टी."

मीही रडले. लपवायचं काय त्यात? मिशीवाल्यांनी माझ्यासमोर कागदी रुमालांचा गठ्ठा ठेवला आणि तोंड फिरवून उभे राहिले.

थोड्या वेळानं ते वांगं टेबलावर आलं. सोललेलं, मधोमध उघडलेलं, वर लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात आणि कच्चं तेल. लाकडी पाटावर लोखंडी ताट, तापून लाल व्हायचं बाकी. "ताट नवीन आहे, काका," मिशीवाले म्हणाले, "मॅडमनी आठवड्यापूर्वी स्वतः आणलं. त्यात दुसरं काही शिजलेलं नाही."

पल्लवी मुदपाकखान्याच्या दारात उभी होती. पुढं यायची तिची हिंमत होत नव्हती.

गजानन बसला. ताटाकडे बघत राहिला. मग त्यानं पाण्याचा पेला उचलला, उजव्या तळहातात पाणी घेतलं आणि डोळे मिटले.

आमच्याकडे जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवतात. एकदा पाणी फिरवलं, की ताट सोडून उठायचं नाही. हे मला माहीत होतं, पल्लवीला माहीत होतं. लोखंडी ताटाला माहीत नव्हतं.

चर्रर्र! अर्धं पाणी तापल्या लोखंडावर पडलं आणि वाफेचा असा लोट उठला, की भाऊ दिसेनासा झाला. मिशीवाले फडकं घेऊन धावले. आजूबाजूचे लोक उठून उभे राहिले, कुणी फोन काढून चित्रं घेतली. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "आम्हाला पण असंच वाफेचं पाहिजे हं!" वाफ निवळली तेव्हा गजाननचा चष्मा पांढरा झाला होता, मिशांवर थेंब, आणि तो शांतपणे पिशवीतून दशमी काढत होता. बाहेरचं खाणं चालत नाही, हा नियम त्या वेळी कुणालाच आठवला नाही.

त्यानं घास घेतला. चावला. दुसरा घेतला. सगळं वांगं संपवलं, ताट दशमीनं पुसून घेतलं. मग दाराकडे पाहून म्हणाला, "इकडं ये व."

पल्लवी आली. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि नाकाशी नेला. ती मागं ओढू लागली. "बाबा, लिंबानं धुते मी, आताच..."

"नको धू. पऱ्हाटीच्या धुराचा वास हाय. आपल्या वावराचा." तिच्या मनगटावर भट्टीचा जुना डाग होता. त्यानं आपली बाही वर सारून स्वतःचा दाखवला, रोडग्यांच्या विस्तवाचा. मग खाली मान घालून म्हणाला, "त्या दिवशी म्या बोललो ते तू ऐकलं होतं काय?"

"हाव."

"चुकलं माह्यं, बेटा."

पल्लवी तिथंच, सगळ्यांसमोर, बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. पांढऱ्या कोटासकट. मी उरलेला स्टेक खाल्ला. गार झाला होता, पण टाकणार कसा?

परतीच्या गाडीत मोळी नव्हती, तरी आम्ही मधे तेवढी जागा सोडूनच बसलो होतो, हे अकोला आल्यावर लक्षात आलं. लोक मला विचारतात, काय पाहिलंस? मी किल्ला सांगते, रबरी हत्ती सांगते, कपबशीतली घेरी सांगते. एवढ्या लांबच्या भपक्यात आम्ही जाऊन काय खाल्लं, तर आपल्याच शेतातलं वांगं, आपल्याच काड्यांवर. पण ते इंझोरीत बसून खाल्लं गेलं नसतं, हेही खरं. कधी कधी घरचा घास पोटात जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात.

मंगरूळपीरला मी उतरले नाही, थेट इंझोरीला गेले. वहिनीचा चेहरा मला पाहायचा होता. म्हैस व्याली होती. वगार (म्हशीचं मादी पिल्लू) दाव्याला लटपटत उभी. शोभावहिनी खरवस ढवळत होती. तिनं गजाननला पाणी दिलं आणि माझ्याकडे पाहिलं. विचारायची तिची छाती होईना. मी काही बोलणार, तेवढ्यात गजानन पाय धुता धुता म्हणाला, "मीठ जरासं कमी होतं."

वहिनीचा हात पातेल्यात थांबला. मीठ कमी की जास्त, हे न खाता कोणाला कळत नाही. ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावला.

गजाननानं टॉवेल घेतला, पाय पुसले आणि वगारीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "पोट्टी संक्रांतीले येते म्हने. चूल तिच्याकडेच देजो. मिठाचं मी सांगीन."